काठीवर टाकलेली घोंगडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खोटं कशाला बोलू... हसायला वाचते. मी बीडला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. आमच्या बिल्डिंगमध्ये एक नळ संध्याकाळी कण्हायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधली, सेक्रेटरींनी नारळ फोडला. मी प्लंबर बोलावून पाइपातली हवा काढली. तेव्हापासून नळ गप्प, आणि काकू माझ्याशी गप्प. असा माझा स्वभाव. त्यामुळे खाली जे लिहितेय ते वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. तुमच्या जागी मी असते तर दोघा-चौघांना फॉरवर्ड करून हसले असते.

तर आधी आमची माणसं सांगते. आम्ही मेंढपाळ. गाव वडवणी तालुक्यात. आई गावातल्या घरी असते, पण उन्हाळा आला की आप्पा — माझे वडील — मेंढरं घेऊन माजलगाव धरणाच्या काठाला मुक्कामाला जातात. पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर छान हिरवं गवत येतं, त्याच्यासाठी. काट्याचं कुंपण, दोन कुत्री, एक पालाची सावली, झालं घर. मी दर रविवारी बीडहून एसटीने जाते आणि दिवसभर राहून परत येते. पोरांना न्यूटन शिकवून डोकं उठलं की तो एक रविवार औषधासारखा असतो.

धाकटा भाऊ विष्णू. याची तऱ्हाच निराळी. याच धरणात म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकलेलं हे पोरगं मर्चंट नेव्हीत गेलं, मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबलं, आणि एक दिवस ते सगळं सोडून त्याने एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. आता तो आणि त्याची बायको मनीषा कॅरिबियन समुद्रात या बेटावरून त्या बेटावर फिरत असतात. मनीषा अंबाजोगाईची. बोटीत बसूनच लॅपटॉपवर नोकरी करते. विष्णू लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. वारा असेल तिकडे जायचं, आडोशाच्या खाडीत नांगर टाकायचा, कंटाळा आला की नांगर उचलायचा. आमच्या भावकीला हे आजतागायत समजावता आलेलं नाही. एकट्या आप्पांना लगेच समजलं. म्हणाले, "म्हंजे बिऱ्हाड पाठीवर, चारा-पानी दिसंल तिकडं मुक्काम. त्यात काय नवीन हाय? आपल्यावानीच की."

फोनवर बाप-लेकाचा एक विषय ठरलेला — चोऱ्या. तिकडे किनाऱ्याला जायला मोठ्या बोटीबरोबर एक छोटी रबरी होडी असते, तिला मोटार असते, आणि चोरांचा डोळा त्या मोटारीवर. म्हणून अंधार पडायच्या आत होडी पाण्यातून वर उचलून बांधायची, मोटारीला साखळी-कुलूप घालायचं. बोट सोडून जाताना दारं बंद. रोज सकाळी सगळ्या बोटवाल्यांचं रेडिओवर बोलणं होतं — कुठल्या खाडीत काय गेलं, कुठे मुक्काम करू नये. आणि कुणी कोयता घेऊन बोटीवर चढलाच, तर हिरोगिरी करायची नाही, मागेल ते देऊन टाकायचं. विष्णू हे सगळं मला सांगायचा, आणि आप्पा स्पीकरवर ऐकायचे.

आप्पांना यात भलतीच गोडी. आमच्याकडेही मेंढरं चोरीला जातात ना. पिकअप येते, पाच मिनिटांत मेंढरं आत कोंबून पसार. त्यामुळे आप्पा त्याला सल्ले द्यायचे.

"कुत्रं ठिव."

"आप्पा, बोटीवर कुत्रं कुठं ठेवू? जागा न्हाई."

"मग काटे लाव कडंनं."

"रबराची होडी हाय आप्पा, काटे कसे लावू?"

शेवटी आप्पा नेहमी एकच बोलायचे: "ध्यानात ठिव, चोर माल बघत न्हाई. राखन हाय का न्हाई ते बघतो."

आता मुख्य गोष्ट. आमच्यात एक पद्धत आहे. कळप चरत असताना मेंढक्याला जरा वेळ बाजूला जायचं असलं — भाकर खायला म्हणा, पाणी आणायला म्हणा — तर तो आपली काठी कळपाच्या कडेला रोवतो, तिच्यावर घोंगडी टाकतो आणि म्हणतो, "बस बे राखनीला." मग खुशाल जातो. लांबून बघितलं तर माणूसच बसलाय असं वाटतं. मेंढरं पांगत नाहीत, लांडगा जवळ येत नाही. परत आल्यावर मात्र घोंगडी उचलायच्या आधी म्हणायचं, "आलो बे, सुटलास." न म्हणता उचलली तर मेंढक्याचं अंग दिवसभर जड राहतं, असं आप्पांचं म्हणणं. लहानपणी मी आणि विष्णू दोघांनी हे हजार वेळा केलंय. त्यातलं विज्ञानही सरळ आहे — बुजगावणं. घोंगडीला माणसाचा वास असतो, आकार माणसाचा दिसतो, जनावर फसतं. उरलेलं सगळं म्हणजे पोरांनी घोंगडी हरवू नये म्हणून केलेली बडबड. हे माझं मत, आणि ते मी आप्पांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, "आसंल बाई. तू शिकलेली हायस."

विष्णू बोटीवर राहायला निघाला तेव्हा आप्पांनी आपली जुनी घोंगडी त्याला दिली. मनीषा बिचारी काही बोलली नाही, पण नंतर मला फोनवर म्हणाली, "ताई, अख्ख्या बोटीला मेंढरांचा वास येतोय." मी म्हटलं, समुद्राचं वारं लागू दे, जाईल. नाही गेला.

हे झालं गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी.

दिवेलागणीची वेळ. आपल्याकडे दिवेलागण म्हणजे विष्णूकडे सकाळ, हे लक्षात ठेवा. मेंढरं अजून काठाच्या गवतावर होती. आप्पांनी त्यांच्या कडेला काठी रोवून नवी घोंगडी टाकली होती आणि पालापाशी येऊन माझ्यासमोर बसले होते. चुलीवर चहा. मी त्यांना सांगत होते की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ओल्यात जायला मनाई केलीय, आणि ते "व्हय व्हय" करत बशीत फुंकर मारत होते. वारा पडलेला. धरणाचं पाणी अगदी स्वच्छ सपाट. मला एसटीला निघायची घाई होती, पण उठावंसं वाटत नव्हतं, असली ती संध्याकाळ.

आप्पांनी बशी खाली ठेवली. ठेवली म्हणजे सोडलीच हातातून. उठले आणि पळत सुटले.

मला वाटलं लांडगा. मी मेंढरांकडे बघितलं तर मेंढरं निवांत चरतायत, कुत्री आडवी पडलेली. आप्पा मेंढरांकडे गेलेच नाहीत. ते सरळ पाण्याकडे गेले आणि चपलांसकट आत शिरले. गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि रिकाम्या धरणाकडे तोंड करून ओरडायला लागले —

"हाऽऽ! हाऽऽ! मागं सर! मागं सर म्हन्तो ना बे! पोरगी आजारी हाय आत! हात लावशीन तर बग!"

आणि मध्येच तो जीभ टाळ्याला लावून काढलेला 'टॉक्' आवाज, चुकार मेंढराला परत फिरवताना काढतात तो.

समोर काही नव्हतं, मंडळी. होडी नाही, कोळी नाही, बगळा नाही. नुसतं पाणी.

मी मागोमाग पळाले. तिथला गाळ वाईट आहे, वरून घट्ट वाटतो आणि पाय आत ओढतो. आदल्या वर्षी तिथेच एक म्हैस फसली होती, दोर लावून काढावी लागली. आणि हा माझा ऑपरेशन झालेला बाप त्याच जागी उभा. मी त्यांचा दंड धरून ओढलं. हलले नाहीत. आमचे आप्पा म्हणजे काडी, वाऱ्याने हलतील असे. मी पूर्ण जोर लावला तरी तसूभर हलले नाहीत. गाळाचं सक्शन — हे मी तेव्हाही मनात म्हटलं, मला आठवतंय. त्यांनी ओरडणं थांबवलं होतं. उजव्या हाताची मूठ काठी धरल्यासारखी वळलेली, पण काठी तर तिकडे मेंढरांपाशी होती. डोळे पाण्यावर. मी "आप्पा, आप्पा" करतेय, त्यांना ऐकूच जात नव्हतं. त्यांच्या अंगाला हात लावला तर अंग गार. मंडळी, मी घाबरले. मला वाटलं हार्टअटॅक आहे की पॅरालिसिस, मी आता एकटी काय करू, कुणाला हाका मारू. मोबाईल पालात राहिलेला. मी रडायला लागले, सरळ सांगते.

किती वेळ तसा गेला माहीत नाही. मला तरी लई वाटला.

मग अचानक त्यांचा दंड माझ्या हातात सैल पडला. त्यांनी मोठा श्वास सोडला, हसले, आणि म्हणाले, "सुटलो."

आणि सहज, रस्त्यावरून चालावं तसे, त्याच गाळातून चालत बाहेर आले. वर मलाच म्हणाले, "तू पान्यात काय करायलीस बाई? साडी खराब केलीस की."

पालात येऊन बसले. पाय पुसले. मी विचारलं, काय झालतं तुम्हाला? जरा वेळ आठवल्यासारखं केलं.

"लांडगं व्हते दोन."

"पाण्यात?"

"पान्यातबी असत्यात," म्हणाले, आणि सांडलेल्या चहाकडे बघून, "अजून एक कप टाक की."

मी आधण ठेवलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. विष्णूचा मेसेज: "ताई, बोटीवर जरा घोळ झालता. आत्ताच परत आलो. सगळं ठीक आहे. नंतर फोन करतो, घाबरू नको."

आता तिकडची बाजू. ही मला दुसऱ्या दिवशी विष्णूने सांगितली. तोपर्यंत मी त्याला इकडचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हतं सांगितलं, आधी त्याचं ऐकायचं होतं. मास्तरकीची सवय.

मनीषाला दोन दिवस ताप होता. आम्हाला कळवलं नव्हतं, उगाच काळजी नको म्हणून. गोळ्या संपल्या. सकाळी विष्णू छोटी होडी घेऊन किनाऱ्यावर औषध आणायला निघाला. स्वतःचे सगळे नियम त्याने त्या दिवशी मोडले — आत उकडतंय म्हणून दार सताड उघडं, आणि बोटीवर आजारी माणूस एकटं. आदल्या रात्री पाऊस होऊन आप्पांची घोंगडी भिजली होती. बोटीत दोर ओढायला एक आकडीची लांब काठी असते, ती त्याने मागच्या बाजूला बसायच्या जागेत उभी बांधली आणि घोंगडी तिच्यावर वाळत घातली. नुसती वाळत, बरं का. पण निघताना मनीषाला हसवायला म्हणून वळून घोंगडीला म्हणाला, "बस बे राखनीला." मनीषा हसली, आणि हा गेला.

त्यांच्या शेजारी एका बोटीवर एक गोरी म्हातारी एकटी राहते. तिने पुढचं बघितलं. एक लाकडी होडी, मोटार बंद करून, वल्ही मारत गुपचूप विष्णूच्या बोटीला येऊन चिकटली. दोन माणसं. एकाच्या हातात कोयता. कोयतेवाल्याने बोटीच्या कठड्याला हात घातला, एक पाय वर टाकला. म्हातारी रेडिओवर ओरडणार, तेवढ्यात — असं तिचं म्हणणं — मागच्या जागेतला म्हातारा उठून उभा राहिला.

करडी घोंगडी पांघरलेला, हातात काठी. तो काहीतरी ओरडला. कोयतेवाल्याने पाय खाली घेतला. दोघांनी होडी मागे ढकलली, मोटार चालू केली आणि निघून गेले. म्हाताऱ्याने काठी खाली घेतली नाही, तसाच उभा राहिला. मग म्हातारीने विष्णूला त्याच्याजवळच्या छोट्या रेडिओवरून बोलावून घेतलं आणि वर म्हणाली, "तुझे वडील आल्याचं सांगितलं नाहीस? त्यांना म्हणावं, एवढ्या उन्हात ती कांबळ कशाला?"

विष्णू होडी पळवत आला. लांबून त्याला घोंगडी दिसली आणि क्षणभर त्यालाही आप्पाच वाटले. जवळ आला तर काठी, काठीवर घोंगडी, बास. आत मनीषा बिछान्यात उठून बसलेली. तिने कुणी चढलेलं बघितलं नव्हतं, तिला चोरांचं माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "आप्पा आलेत का? बाहेर मेंढरं हाकल्यासारखा आवाज येत होता."

मी खुर्चीत नीट बसले आणि त्याला विचारलं, "मग? मग तू काय केलंस?"

"काय करणार... घोंगडी काढायला गेलो आणि सवयीने तोंडातून निघून गेलं."

"काय निघालं?"

"आलो बे, सुटलास." आणि मग एकदम रडवेल्या आवाजात, "ताई, मी आप्पांना 'बे' म्हन्लो गं!"

मग मी त्याला इकडचं सांगितलं. पाठीमागे त्याच्या बोटीवर पाणी आपटल्याचा आवाज येत होता.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, तुमचं फिजिक्स कुठे गेलं? आहे, आहे. मी सगळं मांडून बघितलंय. म्हातारीची नजर, लांबचं अंतर, वाऱ्याने हललेली घोंगडी — माणूस दिसणारच. चोरांनाही तेच दिसलं असणार, म्हणजे आप्पांचं बुजगावणं साता समुद्रापलीकडे चाललं, एवढंच. मनीषाला ताप होता, तापात आवाज येतात. आप्पांचं वय झालंय, वयात भास होतात. गाळाचं सक्शन तर सांगितलंच. एकेक गोष्ट सुटी केली तर प्रत्येकीला उत्तर आहे, आणि ते बरोबरही असेल.

पण "पोरगी आजारी हाय आत" हे आप्पांना कुणी सांगितलं? मला माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं. आणि तो दंड माझ्या हातात सैल पडला आणि पाठोपाठ विष्णूचा मेसेज आला... इथे माझा खडू थांबतो.

आप्पांना मी खोदून खोदून विचारलं. त्यांना त्यात नवल काहीच नाही. म्हणाले, "कळपातलं मेंढरू आजारी पडलं तर मला मागं वळून बगावं लागतं का?"

"अहो पण ती किती लांब होती!"

"लांब कुठं? कळपाच्या कडंलाच हाय की ती."

'बे' म्हटल्याचं मी मुद्दाम सांगितलं, जरा चिडवायला. तर म्हणाले, "त्यो काठीला म्हन्ला. मला कावून म्हनंल?" आणि मग जरा विचार करून, "त्याला म्हनावं, टाकत जा घोंगडी, हरकत न्हाई. फकस्त माझ्या जेवनाच्या टायमाला नको."

यंदा विष्णू-मनीषा सुट्टीला आले होते. मनीषा पाया पडली तर आप्पांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. घोंगडी ते बरोबर घेऊन आले होते. आता तिला पहिल्या वर्गाचा मान आहे, विमानात सुद्धा हातात धरून आणली. मनीषाच म्हणाली, "ताई, वास आता बरा वाटतो."

ते परत गेल्यानंतरच्या रविवारी मी एसटीला निघाले आणि सहज मागे वळून बघितलं. मेंढरं एकीकडे चरत होती, आणि आप्पांची काठी तिथे नव्हतीच. ती भलतीकडेच, बीडच्या रस्त्याच्या बाजूला तोंड करून रोवलेली, वर घोंगडी. मी परत जाऊन विचारलं, "आप्पा, मेंढरं तिकडं, काठी इकडं कशाला?"

"ऱ्हाऊ दे. तू पोचलीस की फोन कर."

"कवापासून ठेवताय अशी?"

"तू बीडला गेलीस तवापासून," म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू फिजिक्स काढलं असतं."

एवढी वर्षं मी पोचल्यावर कधी फोन करायचे, कधी करायचे नाही. कंटाळा आला की सरळ झोपून जायचे. सोमवारी आई म्हणायची, "तुज्या बापाचं अंग आज जड हाय म्हन्तेत," आणि मी म्हणायचे, गोळी घ्या.

अजूनही माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि वर्गात अजूनही मी भुतांची थट्टा करते. पण आता दर रविवारी बिल्डिंगच्या जिन्यात, कुलपाला किल्ली लावायच्या आधी, वरच्या मजल्यावरच्या काकू ऐकत नाहीत ना ते बघून मी फोन लावते आणि हळूच म्हणते, "आले आप्पा. सुटलात." तिकडून एक लांब श्वास ऐकू येतो, आणि मग ते कुत्र्यांना हाका मारत चालायला लागतात.